प्रथिन न बनवणारा आरएनए नेमकं करतो काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मालवण तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. ऑक्टोबर २०२४मध्ये मायक्रोआरएनएच्या, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या एका चिमुकल्या आरएनएच्या, शोधाला नोबेल जाहीर झालं आणि तेव्हापासून वर्गात, स्टाफरूममध्ये, एसटीत, एकदा तर मासळीच्या लिलावात उभा असतानाही मला या विषयावर प्रश्न आले. तीच उत्तरं देऊन घसा बसायच्या आधी लिहून काढलेली बरी. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत.

नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे काय, एका दमात सांगा.

डीएनएतल्या जनुकाची नक्कल आरएनएत उतरते. त्यातल्या काही नकला वाचून रायबोसोम प्रथिन बनवतो, तो एमआरएनए. उरलेल्या नकलांवरून प्रथिन बनतच नाही, आरएनए स्वतःच कामाला लागतो. तो नॉन-कोडिंग.

एका दमातलं संपलं, आता थोडं सावकाश. यातले दोघे तुम्ही शाळेपासून ओळखता: टीआरएनए आणि आरआरएनए. पेशीतला सगळा आरएनए गोळा करून तोलला तर ८० टक्क्यांच्या आसपास नुसता आरआरएनए भरेल. म्हणजे पेशीच्या हिशेबाने पाहिलं तर प्रथिनाचा निरोप नेणारा एमआरएनएच अल्पसंख्य. शिवाय रायबोसोममध्ये अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्याचं रासायनिक काम करतो तोही आरआरएनएच. भोवतालची प्रथिनं त्याला आधार देतात. रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यात चिदंबरमला जन्मलेले वेंकटरमण रामकृष्णन होते.

पुस्तकात 'जंक डीएनए' लिहिलंय. मग तो जंक आहे की नाही?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि विचारणाऱ्याला 'नाही' हेच उत्तर हवं असतं.

माणसाच्या डीएनएत तीन अब्जांहून थोडी जास्त अक्षरं (ए, टी, जी, सी हे रासायनिक घटक) आहेत. प्रथिनं बनवणारी जनुकं २० हजारांच्या आसपास, आणि प्रथिनाचा प्रत्यक्ष मजकूर लिहिलेला भाग दीड-दोन टक्के. उरलेल्याला १९७२मध्ये सुसुमु ओहनो यांनी 'जंक' म्हटलं आणि तो शब्द चिकटला. २०१२मध्ये एनकोड या मोठ्या प्रकल्पाने जाहीर केलं की ८० टक्के डीएनएत काही ना काही जैवरासायनिक हालचाल दिसते. वर्तमानपत्रांनी त्याचा मथळा केला: 'जंक नाहीच!'

पण हालचाल म्हणजे काम नव्हे. बाजारपेठेत दिवसभर फिरणारा प्रत्येक जण काही खरेदीला आलेला नसतो. डीएनएची नक्कल बऱ्याचदा उगीचही होते, आणि झाल्यावर ती पेशी लगेच मोडून टाकते. या वादात मला सगळ्यात आवडणारा युक्तिवाद कांद्याचा आहे. कांद्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, माणसाच्या पाचपट मोठा. आता अलिबागचा पांढरा कांदा गोड आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, सगळं खरं. पण त्याला माणसाच्या पाचपट सूचना लागत असतील हे मला पटत नाही. तेव्हा माझं उत्तर असं: त्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत पुष्कळ अडगळ आहे, आणि त्या अडगळीतच काही अशी अवजारं आहेत की ती काढून घेतली तर जीव जन्मालाच येणार नाही.

'जनुकांचं नियंत्रण' म्हणजे नक्की कशाचं नियंत्रण?

तुमच्या यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए एकच आहे. फरक पडतो तो कोणतं जनुक, कधी, किती वाचलं जातं यात.

सुपारीची वाडी शिंपताना पाहिली असेल. विहीर एक, पाट एक. पण कुठल्या आळ्यात किती वेळ पाणी जायचं ते शिंपणारा फावड्याने मातीचा ढेकूळ इकडचा तिकडे करून ठरवतो. एखादं आळं भरलं की तोंड बुजवायचं, पुढचं मोडायचं. पेशीत अशा आडव्या पडणाऱ्या जागा बऱ्याच आहेत. डीएनए घट्ट गुंडाळून ठेवला तर नक्कलच होत नाही. नक्कल झाली तरी तिची कापाकापी वेगळी झाली तर प्रथिन वेगळं. एमआरएनए तयार होऊनही लवकर मोडला गेला तर प्रथिन थोडंच. आणि एमआरएनए जागेवर असूनही रायबोसोमला वाचू दिला नाही तर जवळपास काहीच नाही. या प्रत्येक ठिकाणी कुठला ना कुठला नॉन-कोडिंग आरएनए फावडं घेऊन उभा असतो.

(शिंपणाऱ्याला डोळे असतात, आरएनएला नसतात. त्याला आपली जागा सापडते ती अक्षरं जुळल्यामुळे, ए समोर यू, जी समोर सी. उपमा इथपर्यंतच ताणा.)

मायक्रोआरएनएचा शोध एका किड्यात लागला म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि गोष्ट मजेदार आहे.

सी. एलेगन्स हा मातीत राहणारा, जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा गोलकृमी. तो अंड्यातून निघाल्यावर चार अळी-अवस्थांतून जातो. एका बिघडलेल्या वाणात अळी पहिल्याच अवस्थेचे विधी पुन्हा पुन्हा करत राहायची, जणू पहिलीत नापास. त्यात बिघडलेलं जनुक लिन-४. दुसऱ्या वाणात उलटं: पहिली अवस्था गाळून पुढे उडी. ते लिन-१४. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांनी हे दोन्ही वाण एकाच प्रयोगशाळेत उमेदवारी करताना अभ्यासले आणि नंतर आपापली प्रयोगशाळा थाटून दोन टोकांनी काम चालू ठेवलं.

अँब्रोस यांच्याकडे रोझालिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम लिन-४ शोधत होत्या. डीएनएचा तुकडा लहान लहान करत गेल्या तरी प्रथिनाचा पत्ता नाही. शेवटी हाती आला २२ अक्षरांचा एक चिमुकला आरएनए. असल्या तुकड्याला तेव्हा कुणीही कचरा समजून फेकला असता. इकडे रुव्हकन यांना कळत नव्हतं की लिन-१४चा एमआरएनए पेशीत मुबलक असूनही त्याचं प्रथिन का नाहीसं होतं. ११ जून १९९२च्या संध्याकाळी दोघांनी फोनवर आपापली अक्षरं एकमेकांना वाचून दाखवली. लिन-४ची अक्षरं लिन-१४च्या एमआरएनएच्या शेपटीतल्या अक्षरांशी जुळत होती, आणि एकदा नव्हे, शेपटीत तशा सात जागा होत्या.

दोन्ही शोधनिबंध डिसेंबर १९९३मध्ये 'सेल' या नियतकालिकात आले आणि जगाने जांभई दिली. 'किड्याचा काहीतरी चमत्कारिक प्रकार असेल.' सात वर्षं तसंच. २०००मध्ये रुव्हकन यांच्याच गटाला लेट-७ सापडला, आणि तो किड्यापासून माशी, मासा, माणसापर्यंत अक्षरशः तसाच्या तसा निघाला. मग मात्र धांदल उडाली. आज माणसातच हजाराहून अधिक मायक्रोआरएनए नोंदलेले आहेत.

तो काम कसा करतो? परीक्षेला आकृती काढायची आहे.

केंद्रकात आधी एक लांब नक्कल तयार होते. ती स्वतःवरच दुमडून केसाच्या आकड्यासारखी होते. ड्रोशा नावाचं विकर दोन्ही बाजूंची शेपटं कापतं. उरतो सुमारे ७० अक्षरांचा आकडा. तो केंद्रकाबाहेर येतो. बाहेर डायसर बसलेलाच असतो. (नावाप्रमाणेच, कोबी चिरावा तसा.) तो आकड्याचा वळसा कापून टाकतो आणि सुमारे २२ अक्षरांची जोडपट्टी उरते. तिच्यातली एक पट्टी आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसते, दुसरी बहुधा फेकली जाते. या जुळणीला रिस्क म्हणतात. स्पेलिंग वेगळं आहे, धोक्याचा रिस्क नव्हे.

आता हा रिस्क एमआरएनए चाचपत फिरतो. मायक्रोआरएनएची दुसऱ्या ते आठव्या क्रमांकापर्यंतची अक्षरं, म्हणजे 'बी' (सीड), जुळली की बास. बाकीची अर्धवट जुळली तरी चालतात. जुळलं की एमआरएनएचं भाषांतर अडतं, त्याची शेपटी छाटली जाते आणि तो लवकर मोडतो. आकृतीत 'बी'चा भाग ठळक करा. तपासणाराही तिथेच बघतो.

अवघी सात अक्षरं जुळायची असल्याने एक मायक्रोआरएनए शेकडो एमआरएनएंवर बसू शकतो आणि एका एमआरएनएवर अनेक मायक्रोआरएनए. माणसाच्या प्रथिन बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकं या जाळ्यात आहेत असा अंदाज आहे.

म्हणजे तो जनुक बंद करतो ना?

क्वचित. बहुतेक वेळा प्रथिन थोडंसं कमी होतं, निम्म्यावरही येत नाही. दिव्याचं बटण समजू नका, पंख्याचा रेग्युलेटर समजा. मुलं उत्तरपत्रिकेत 'जनुक बंद करतो' लिहितात, मी अर्धा गुण कापतो.

आरएनए इंटरफेरन्स म्हणजे हेच का?

सख्खे चुलत भाऊ. १९९०मध्ये पेटुनियाचं फूल जास्त गडद जांभळं व्हावं म्हणून शास्त्रज्ञांनी रंगाच्या जनुकाची एक जादा प्रत घातली, तर फुलं पांढरी निघाली. घातलेलं जनुकही गप्प आणि मूळचंही. १९९८मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी त्याच सी. एलेगन्समध्ये दाखवलं की दुपदरी आरएनए पेशीत गेला की जुळणाऱ्या एमआरएनएचा फडशा पडतो. त्यांना २००६चं नोबेल. इथे तुकडे होतात ते एसआय-आरएनए, आणि ते पूर्ण जुळतात, म्हणून रिस्क एमआरएनए सरळ मधोमध कापतो. कापणारा डायसर आणि आर्गोनॉटच.

झाडांत ही यंत्रणा मुळात विषाणूंविरुद्धची आहे. हवाईमध्ये रिंगस्पॉट विषाणूने पपईच्या बागा उजाड केल्या होत्या. तिथे १९९८मध्ये विषाणूच्याच कवचाचं जनुक घातलेली पपई लागवडीला दिली गेली. झाड त्या जनुकापासून बारीक आरएनए तयार ठेवतं, आणि विषाणू आला की त्याच्या आरएनएचे तुकडे करतं. परसातल्या पपईच्या पानांवर तेलकट पट्टे आणि फळावर गोल गोल कड्या दिसल्या तर तो हाच विषाणू असण्याची शक्यता मोठी.

लांब आरएनएचं एक तरी उदाहरण सांगा, जे डोळ्यांनी दिसेल.

सांगतो. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांखाली जी तिरंगी मांजर बसलेली असते ना, काळी-केशरी-पांढरी, तिच्याकडे बघा. ती मादी आहे. पैज लावा. हजारांत एखादाच बोका तसा निघतो, आणि बहुधा त्याच्यात एक एक्स गुणसूत्र जादा असतं.

केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं (ते नेमकं कुठलं हे २०२५मध्ये प्रसिद्ध झालं). मादीत एक्स दोन. दोन्ही चालू राहिले तर नराच्या दुप्पट माल तयार होईल, म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी दोनातला एक एक्स बंद करते. कुठला, ते त्या पेशीच्या नशिबावर. पुढे त्या पेशीची सगळी लेकरं तोच एक्स बंद ठेवतात. जिथे केशरीवाला चालू राहिला तिथे केशरी डाग, जिथे बंद पडला तिथे काळा. पांढऱ्याचं कारण वेगळ्याच जनुकात आहे. मेरी लायन यांनी ही कल्पना १९६१मध्ये उंदरांवरून मांडली. बंद पडलेल्या एक्सचा काळा ठिपका त्याआधी १९४९मध्ये मरे बार यांना दिसला होता, तो मांजरीच्याच चेतापेशींत.

बंद करतं कोण? झिस्ट. १९९१मध्ये सापडलेला, १७ हजारांहून अधिक अक्षरांचा आरएनए. त्यात प्रथिनाची एकही ओळ नाही. जो एक्स बंद व्हायचा तोच झिस्ट तयार करतो, आणि तो आरएनए लांब न जाता त्याच गुणसूत्रावर पसरत त्याला मढवून टाकतो. मग स्पेन वगैरे प्रथिनांना बोलावून घेतो. ती नक्कल थांबवतात, डीएनए गुंडाळतात, खुणा करून ठेवतात. आठशेच्या वर जनुकं एका फटक्यात गप्प. थोडी चुकार सुटतात.

आता यातली दोन पुढची टोकं, कारण ती मला स्वतःला चक्रावून टाकतात. २०१३मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने डाउन सिंड्रोमच्या पेशींत जादा असलेल्या एकविसाव्या गुणसूत्रावर झिस्ट बसवला आणि ते गुणसूत्र गप्प झालं. हे बशीतल्या पेशींत, उपचार नव्हे. आणि २०२४मध्ये उंदरांवरच्या कामातून असं पुढे आलं की झिस्टला चिकटणारी प्रथिनं स्वप्रतिकार आजारांना (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या) चिथावणी देत असावीत. ल्युपससारखे आजार बायकांनाच जास्त का होतात, याचा एक धागा तिथे असू शकतो.

आणखी किती प्रकार आहेत? यादी द्या.

यादी पाठ करून काही हाती लागत नाही, तरी घ्या. एसएन-आरएनए एमआरएनएची कापणी-जोडणी करतात. एसएनओ-आरएनए आरआरएनएवर रासायनिक शिक्के मारतात. पीआय-आरएनए बीजांड आणि शुक्रपेशींत उड्या मारणाऱ्या जनुकांना दाबून ठेवतात. ते नसले तर वंध्यत्व. वर्तुळाकार आरएनए असतात, त्यातला एक मिआर-७ या मायक्रोआरएनएला सत्तरहून जास्त जागी धरून ठेवू शकतो. बॅक्टेरियांकडे क्रिस्परचे, म्हणजे विषाणूला ओळखून कापणाऱ्या यंत्रणेचे, वाटाड्या आरएनए असतात, आणि त्यांचाच उपयोग करून २०२०मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेने 'फेलुदा' ही कोविडची कागदी पट्टीची चाचणी बनवली. २०० पेक्षा जास्त अक्षरांचा असेल तर 'लांब' ही मर्यादा माणसांनी सोयीसाठी ठरवलेली आहे, पेशीला तिची खबर नाही.

आमच्या भातात याचा काही संबंध?

हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या वडलांनी बांधावर विचारला. त्यांना वाटलं मी विषय टाळेन, पण भातासारखं उदाहरण नाही.

तरवा लावला की फुटवे येतात. पण फुटवे उदंड आले म्हणजे भात उदंड येतं असं नाही. निम्मे फुटवे वांझ राहतात, लोंबीच धरत नाहीत, नुसतं खत खातात. भातात मिआर-१५६ नावाचा मायक्रोआरएनए आहे. तो एसपीएल-१४ या जनुकाला दाबतो. २०१०मध्ये चीन आणि जपानच्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की काही वाणांत हे जनुक जास्त चालतं. चिनी गटाच्या वाणात तर मायक्रोआरएनए जिथे बसतो त्या जागेतलं फक्त एक अक्षर बदललेलं होतं. त्याची पकड सुटते, प्रथिन वाढतं आणि झाडाचं रूपच पालटतं: फुटवे कमी, पण खोड जाड आणि लोंबीत दाणे जास्त. एका अक्षराने. मी त्यांच्या हातातलं एक रोप घेऊन फुटवे मोजून दाखवले, नऊ होते. ते म्हणाले, यातले चार बिनकामाचे.

दुसरी गोष्ट लांब आरएनएची. १९७३मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात भाताचं एक झाड सापडलं. दिवस मोठा असताना त्याचे पराग निकामी, दिवस लहान झाला की ठणठणीत. संकरित बियाणं करणाऱ्यांना असं झाड म्हणजे घबाडच, कारण परागच नसल्याने स्वपरागीभवनाची भीती नाही. २०१२मध्ये कारण कळलं: १,२३६ अक्षरांचा एक नॉन-कोडिंग आरएनए, आणि पुन्हा एका अक्षराचा बदल. मोठ्या दिवसांत हा आरएनए पुरेसा असेल तरच पराग धरतात. आपल्या कर्जतच्या संशोधन केंद्राची 'सह्याद्री' संकरित भातं मात्र यातली नव्हेत. तिथे वंध्यत्व पेशीद्रव्यातल्या दोषाने येतं.

भाताचा मायक्रोआरएनए पेज पिऊन आपल्या रक्तात येतो, असं व्हॉट्सॲपवर आलंय.

आलंय, आणि या वेळी त्यामागे खरा शोधनिबंध आहे. चीनमधल्या नानजिंगच्या एका गटाने २०११च्या शेवटी दावा केला की भाताचा मिआर-१६८ए खाणाऱ्यांच्या रक्तात सापडतो आणि यकृताच्या कोलेस्टेरॉल ओढून घेण्यावर परिणाम करतो. खळबळ माजली. भात खाणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर दचकायलाच हवं होतं.

मग इतरांनी तेच करून पाहिलं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना भात खाऊ घालूनही तो आरएनए रक्तात दखल घेण्याजोगा मिळाला नाही, आणि कोलेस्टेरॉल वाढण्याचं कारण आहारातला असमतोल निघालं. इतर प्राण्यांत शोधतानाही जे सापडलं ते इतकं कमी होतं की नमुन्यात झालेली भेसळ म्हणता येईल. पेशीत काही परिणाम घडवायला मायक्रोआरएनएच्या शेकडो-हजारो प्रती लागतात. उकड्या तांदळाची पेज खुशाल प्या. मीठ बेताने.

माकूल हुशार असतं म्हणतात. त्याचा आरएनएशी काय संबंध?

लिलावात विचारला गेला तो हाच प्रश्न. समोर पाटीत माकुलांचा ढीग होता. काकी एकेकाचं डोकं ओढून आतली काचेसारखी पट्टी सर्रकन उपसून काढत होत्या, शाईची पिशवी न फोडता.

ऑक्टोपस आणि माकूल एकाच कुळातले, शिंपल्या-कालवांचे नातेवाईक. पण त्यांचा मेंदू कालवाच्या मानाने अफाट. २०२२मध्ये ऑक्टोपसच्या अठरा ऊतींमधला आरएनए तपासला गेला, तेव्हा दिसलं की या कुळाने उत्क्रांतीत मायक्रोआरएनएंची मोठी नवी फौज उभी केली आहे, आणि ती मुख्यतः चेतासंस्थेत आणि गर्भाच्या वाढीच्या काळात कामाला असते. एवढी वाढ दुसरीकडे फक्त पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत झाली. मायक्रोआरएनए वाढले म्हणून मेंदू वाढला, की मेंदू वाढला म्हणून ते टिकले, हे त्यावरून सिद्ध होत नाही. काकींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'तरीपण जाळ्यात गावतंच मा?'

'ह्या सगळ्याचो माका काय उपयोग?' (देवगडचे एक आंबा बागायतदार)

आज, बागेत, थेट काही नाही. खोटं कशाला बोलू. दुपदरी आरएनएचा फवारा किडीच्या पोटात जाऊन तिचंच एखादं गरजेचं जनुक गप्प करतो, असं पहिलं फवारणीचं औषध अमेरिकेत डिसेंबर २०२३मध्ये नोंदलं गेलं, तेही बटाट्यावरच्या भुंगेऱ्यासाठी. भुंगेरा पान कुरतडून खातो, म्हणून आरएनए पोटात जातो. आपला तुडतुडा मोहोरातला रस शोषतो, तेव्हा पानावर पडलेला फवारा त्याच्या पोटात जाणं अवघड. अशी बाटली मी तरी आपल्याकडच्या दुकानात पाहिलेली नाही. कुणी 'आरएनए टॉनिक' म्हणून विकत असेल तर लेबल वाचा आणि परत ठेवा.

कोळंबीवाल्यांना जरा जास्त आशा आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूविरुद्ध दुपदरी आरएनए टोचलेल्या कोळंब्या प्रयोगशाळेत वाचल्या आहेत. पण तळ्यातल्या लाखो कोळंब्यांना एकेक करून कोण टोचणार? गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीत मात्र इस्रायलमध्ये नामी युक्ती झाली. नर मोठे वाढतात, म्हणून सगळी पिल्लं नरच हवीत. लहान नरात नरपणाच्या एका संप्रेरकाचं जनुक दुपदरी आरएनएने गप्प केलं की तो मादी होऊन अंडी घालतो, आणि दोन्ही बाजूंनी नराचीच गुणसूत्रं असल्याने पिल्लं सगळी नर. थोड्याच पालकांना टोचायचं, बाकी काम निसर्गाचं. २०१२मध्ये हे प्रसिद्ध झालं.

कॅन्सरशी संबंध आहे का? औषधं निघाली का?

दोन्हींचं उत्तर हो. २००२मध्ये दिसलं की रक्ताच्या एका दीर्घकालीन कॅन्सरमध्ये, सीएलएलमध्ये, तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा वारंवार गहाळ असतो त्यात मिआर-१५ आणि मिआर-१६ आहेत. ते पेशींच्या वाढीला लगाम घालतात, लगाम गेला. डायसरच्याच जनुकात जन्मजात दोष असलेल्या काही बालकांना फुप्फुसाची दुर्मीळ गाठ होते. उलट हेपॅटायटिस सी विषाणू यकृतातल्या मिआर-१२२च्या आधारावरच वाढतो.

औषधांत पहिलं एसआय-आरएनए औषध पॅटिसिरान, अमेरिकेत ऑगस्ट २०१८. फायर-मेलोंच्या शोधानंतर बरोबर २० वर्षं. पुढे कोलेस्टेरॉलसाठी इन्क्लिसिरान आलं: सुरुवातीच्या दोन डोसांनंतर वर्षातून दोनच इंजेक्शनं. ही औषधं बहुतेक यकृतावरची आहेत, कारण आरएनएला विशिष्ट साखर जोडली की यकृताच्या पेशी तिला ओळखून आत घेतात. मेंदू, फुप्फुस, स्नायू इथे पोचवणं अजून जिकिरीचं. मायक्रोआरएनएवर थेट बेतलेली औषधं चाचण्यांत बऱ्याचदा अडखळली, आणि शेकडो जनुकांना एकदम हात लावणाऱ्या गोष्टीकडून वेगळी काय अपेक्षा करणार.

तपासणीबाबत एकच: 'एका थेंबात सगळे कॅन्सर' अशी जाहिरात दिसली तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोविडची एमआरएनए लस यातलीच ना?

नाही. ती एमआरएनए, म्हणजे कोडिंग. तिच्यावरून विषाणूचं एक प्रथिन बनतं. पुढचा प्रश्न.

मला यातच काम करायचंय. कोकणात राहून सुरुवात कशी करू?

लॅपटॉप असेल तर आजच. मिआरबेस हा मँचेस्टरहून चालणारा मायक्रोआरएनएंचा संग्रह फुकट उघडतो. भात निवडा, मिआर-१५६ काढा, त्याची अक्षरं वहीत उतरवा आणि एसपीएल-१४मध्ये कुठे जुळतात ते हाताने शोधा. माझ्या दोन विद्यार्थिनींनी हे एका रविवारी केलं. नंतरच्या शिक्षणाला दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, पुण्याचं आयसर आहे.

आणि प्रयोगशाळेत गेलात तर एक लक्षात ठेवा: आरएनए फार नाजूक. माणसाच्या घामात, कातडीवर त्याला तोडणारी विकरं असतात. एमएस्सीला असताना मी मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत, तीन दिवस खपून आरएनए काढला. जेलवर दोन ठळक पट्टे दिसायला हवेत, आरआरएनएचे. मला दिसला वरपासून खालपर्यंत ओघळलेला धुरकट डाग. हातमोजे घातले होते, पण त्याच हाताने कपाळ पुसलं होतं.

आमच्या तिरंगी मांजरीला पिल्लं होणार आहेत. तीही तिरंगीच होतील का?

बोका कुठला, त्यावर आहे. काळा असेल तर मुली काळ्या किंवा आईसारख्या काळ्या-केशरी, मुलगे काळे किंवा केशरी. केशरी असेल तर मुली केशरी किंवा काळ्या-केशरी, मुलगे पुन्हा दोन्हीपैकी एक. पांढरा येईल की नाही ते स्वतंत्र. आईच्या अंगावरचे डाग मात्र कुठल्याच पिल्लावर त्याच जागी उमटणार नाहीत, कारण कुठल्या पेशीत झिस्टने कुठला एक्स झाकायचा हे प्रत्येक गर्भात नव्याने, नशिबावर ठरतं. डिसेंबर २००१मध्ये टेक्सासात जगातली पहिली क्लोन केलेली मांजर जन्मली, ती एका तिरंगी मांजरीच्या एकाच पेशीपासून. डीएनए शंभर टक्के तोच. अंगावर केशरीचा एकही ठिपका नव्हता.